शेठ, जरा दमानं!

घोरणारा, ढेरपोट्या, आळशी बुलडॉग सगळ्यांनाच क्यूट वाटतो. पण तो म्हातारा व्हायला लागला की नेमकं काय काय बदलतं? त्यातलं ‘वय’ किती आणि ‘आजार’ किती? आमच्या घरातल्या साडेनऊ वर्षांच्या शेठची ही गोष्ट...

रात्रीचे सव्वाआठ. ठाणे स्टेशनची गर्दी, रिक्षाची रांग, लिफ्टमधला कोंदट वास... हे सगळं पार करून मी दाराला किल्ली लावते. आठ वर्षं पुढचा सीन अगदी ठरलेला होता. किल्ली फिरली की आतून आधी ‘घुर्रर्र’, मग फरशीवर नखांची टकटक आणि दार उघडताक्षणी २५ किलोंचा एक गोळा थेट माझ्या गुडघ्यांवर! ऑफिसचं टेन्शन, बॉसचं टोमणा मारणं, चुकलेली फास्ट लोकल, सगळं त्या एका धडकेत फिनिश.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका सोमवारी मी दार उघडलं आणि गुडघ्यांवर काहीच आदळलं नाही. शेठ सोफ्याखाली पडून होता. त्याने एक डोळा उघडला, पार्श्वभाग थोडासा हलवला (बुलडॉगला हलवण्यापुरती शेपूट नसते, त्यामुळे जे काही हलवायचं ते तिथूनच!) आणि पुन्हा डोळा मिटला.

“वय झालंय गं त्याचं,” पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले.

आम्हा सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आठ वर्षांचा बुलडॉग म्हणजे माणसाच्या हिशेबात आजोबाच की! या एका वाक्यावर आम्ही पुढचे चार महिने काढले. ते चार महिने आम्ही कसे वाया घालवले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

कुत्रा दादाचा, सांभाळतात आईबाबा

शेठ आमच्याकडे आला तेव्हा मी बीएमएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. दादाला आयटीत पहिली नोकरी लागली होती, पहिला बोनस हातात आला होता. त्याच्या मित्रांनी बाइक घेतली, कुणी गोव्याला जाऊन पैसे उडवले. दादाला काहीतरी हटके हवं होतं. आमची पिढी २००३ मधली हचची जाहिरात बघत वाढलेली. त्या छोट्याशा पगच्या मागे अख्खा देश वेडा झाला होता. पग मग गल्लोगल्ली दिसायला लागला, म्हणून दादाने एक पायरी वर जाऊन इंग्लिश बुलडॉग आणला.

दोन महिन्यांचं ते सुरकुतलेलं पिल्लू दुडूदुडू चालत हॉलच्या मधोमध आलं, पोट टेकवून बसलं आणि सगळ्यांकडे असं काही बघितलं, की जणू आम्ही त्याच्या पेढीवर उधारी मागायला आलोय. आई म्हणाली, “अगबाई, हा तर शेठ!” नाव पक्कं झालं. आजही आमचा वॉचमन त्याला बघून “काय शेठ, धंदापाणी?” असं विचारतो.

दोन वर्षांनी दादा टोरांटोला गेला. शेठ अर्थातच राहिला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही स्टोरी असेल. हौस मुलांची, नंतर सकाळची चक्कर बाबांची आणि जेवणाचं डबडं आईचं. मी आपली शनिवार-रविवारची पार्टनर. शेठचे फोटो टाकायचे आणि लाइक्स मोजायचे, एवढंच माझं काम. त्याच्या घोरण्याचा एक व्हिडिओ तर मी अख्ख्या ऑफिसला दाखवला होता. सगळे पोट धरून हसले होते. आज तो व्हिडिओ बघितला की मला हसू येत नाही.

मुळात हा प्राणी असा का?

बुलडॉगच्या नावातला ‘बुल’ म्हणजे खरोखरचा बैल. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा एक रानटी खेळ चालायचा. त्या खेळासाठी हे कुत्रे वाढवले गेले. १८३५ मध्ये कायद्याने हा खेळ बंद झाला आणि बुलडॉगचं कामच संपलं. पुढे तो डॉग शोमध्ये आला. मग काय, चपटं नाक आणखी चपटं, मोठं डोकं आणखी मोठं, सुरकुत्या आणखी खोल, असं करत करत पिढ्यान् पिढ्या त्याचा चेहरा ‘घडवला’ गेला. आजच्या बुलडॉगची बहुतेक पिल्लं सिझेरियननेच जन्माला येतात, कारण पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद.

तोंडाचं हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात आखूड झाला नाही. मोठ्या सुटकेसमधले कपडे छोट्या बॅगेत कोंबल्यासारखं ते प्रकरण आहे. नाकपुड्या फटीएवढ्या, घशाच्या मागे लोंबणारी टाळू लांब, श्वासनळी बऱ्याचदा अरुंद. आपण ज्याला ‘क्यूट घोरणं’ म्हणतो तो खरं तर अडलेल्या वाटेतून हवा ओढण्याचा आवाज असतो. डॉक्टर मंडळी याला ‘बोआस’ म्हणतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांमधला श्वासमार्गाचा अडथळा, असं समजा.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या. इतर कुत्र्यांच्या तुलनेत इंग्लिश बुलडॉगला निदान एक तरी आजार असण्याची शक्यता दुप्पट निघाली. त्वचेच्या घड्यांमधल्या संसर्गाची शक्यता तब्बल ३८ पट, तर बोआसची १९ पट! त्या नोंदींमध्ये आठ वर्षांपेक्षा मोठे बुलडॉग दहातून एकही भरत नव्हते. इतर कुत्र्यांत हे प्रमाण साधारण चारात एक होतं. त्याच वर्षी तिथल्याच संशोधकांच्या दुसऱ्या अभ्यासात बुलडॉगचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान ७.३९ वर्षं आलं. जॅक रसेल टेरियरचं आलं १२.७२.

आता ही सरासरी आहे, लहानपणी दगावणारेही तिच्यात धरलेले असतात. आठ वर्षं पार केलेल्या बुलडॉगला पुढे आणखी आयुष्य असू शकतं. पण एक गोष्ट मात्र नक्की. लॅब्रेडॉरवाला मित्र ज्या वयात “अजून खूप वेळ आहे रे” म्हणतो, त्या वयात बुलडॉगवाल्याने जागं झालेलं असावं.

प्रत्येक बदलाला आमच्याकडे उत्तर होतं!

मागे वळून बघितलं की लक्षात येतं, शेठ आम्हाला रोज काही ना काही सांगत होता. फक्त त्याच्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर आम्ही आमच्या सोयीने करत होतो.

पूर्वी तो बाबांबरोबर उपवन तलावाला अख्खी फेरी मारायचा. मग अर्धी झाली. मग तिसऱ्या बाकावर बसकण. बाबा म्हणायचे, “आम्ही दोघंही रिटायर्ड!”

झोपताना तो हनुवटी माझ्या चपलेवर टेकवायला लागला. कधी तोंडात बॉल धरून झोपायचा. मला वाटलं, किती लाड! फोटो काढला, टाकला. नंतर कळलं, मान उंच ठेवली किंवा तोंड उघडं राहिलं, की श्वासाला वाट मिळते. बिचाऱ्याने स्वतःपुरता इलाज शोधून काढला होता.

जेवल्यावर फेस ओकायचा. आई म्हणायची, “हावरटासारखं खातो, दुसरं काय!” जोर लावून श्वास घेणाऱ्या कुत्र्यांमध्ये अन्न उलटून येणं ही नेहमीची तक्रार असते, हे आम्हाला कुठे ठाऊक?

डोळ्यांच्या कडेला हिरवट, चिकट घाण जमायची. आम्ही ओल्या कापसाने पुसायचो आणि विषय संपवायचो.

आणि फेब्रुवारीत तो शेजारच्या चार वर्षांच्या मुलीवर गुरगुरला. जिला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्यावर! तिने फक्त त्याच्या कमरेला मिठी मारली होती. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. आम्ही म्हटलं, म्हातारपणी माणसंही चिडचिडी होतात. त्याची कंबर दुखत असेल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मार्चमध्ये बाबांनी एक पराक्रम केला, जो त्यांनी नंतर दवाखान्यात कबूल केला. शेठ लंगडतोय म्हणून त्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी पेढ्यातून त्याला दिली होती. एकदाच दिली आणि आमचं नशीब थोर. माणसांच्या साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्यांच्या पोटात अल्सर होऊ शकतात, किडनी आणि लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, यातलं काहीही मनाने द्यायचं नाही. गुडघ्याला लावलेलं मलमसुद्धा त्याला चाटू द्यायचं नाही.

ती मेमधली रात्र

मे महिना. रात्री दीड वाजता लाइट गेली. ठाण्याचा मे तुम्हाला माहीत असेलच. वारा नावाला नाही आणि हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटलेली. थोड्या वेळाने मला जाग आली ती एका आवाजाने. शेठचं नेहमीचं घोरणं नव्हतं ते. करवतीने लाकूड कापावं तसा आवाज होता.

मोबाइलचा टॉर्च मारला. तो चारही पाय फाकवून उभा होता, मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर, तोंडातून दोरीसारखी चिकट लाळ. आणि जिभेचा रंग... गुलाबी नव्हता. जांभळट होता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी उडून जातं आणि अंग थंड होतं. हवेत आधीच दमटपणा असेल तर पाणी उडत नाही. त्यात श्वासाची वाटच अरुंद असेल, तर जितक्या जोरात धापा टाकाव्यात तितका घसा सुजतो आणि वाट आणखी बंद होते. म्हणजे ज्या मशीनने गार व्हायचं, तेच मशीन गरम होत जातं.

मी डॉक्टरांच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “अंगावर पाणी ओतलंत का?” नव्हतं ओतलं. मी गाडीची चावी शोधत होते. त्यांनी सांगितलं, आधी गार करा, मग निघा. आईने बाथरूममधून बादल्या आणल्या, मी ओतत गेले, बाबा पेपराची घडी करून जिवाच्या आकांताने वारा घालत होते. टॉवेल भिजवून पांघरू नका, त्याने उष्णता आतच कोंडते, असंही त्यांनी बजावलं. पाच-सात मिनिटांनी तो थोडा शांत झाल्यावर गाडीतला एसी फुल करून निघालो.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ताप १०५ फॅरनहाइट होता. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५. गार करूनही १०५, म्हणजे घरी किती असेल याचा विचार मी अजूनही करत नाही. ऑक्सिजन, सलाइन, सूज उतरवणारं इंजेक्शन. पहाटे पाचला त्याची जीभ पुन्हा गुलाबी झाली. बाबा बाकावर बसून रडत होते. मी त्यांना त्याआधी एकदाच रडताना पाहिलंय, आजी गेली तेव्हा.

‘वय’ हा आजार नाही

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. बाबांनी सवयीप्रमाणे सुरुवात केली, “वय झालंय ना मॅडम त्याचं...”

त्यांनी हसत पण स्पष्ट सांगितलं, “काका, वय आहेच. पण वय हे निदान नाही. वयामागे काय काय लपलंय ते बघू.”

मग तपासण्यांची माळ लागली. वजन भरलं २९ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे हवं त्यापेक्षा जवळजवळ साडेचार किलो जास्त. एक्सरेत दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले. बुलडॉगमध्ये खुब्याची ठेवणच अनेकदा सदोष असते, त्यावर वय आणि वजन चढलं की संधिवात आलाच. डोळ्याच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी मिनिटभर ठेवून अश्रू मोजतात. १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजायला हवी. शेठची एका डोळ्यात ८ आणि दुसऱ्यात ६. म्हणजे डोळे कोरडे पडलेले, आणि कोरड्या डोळ्याचा संरक्षक उपाय म्हणून ती चिकट घाण. शेपटीच्या वळणाखाली एक खिसा असतो, हे तर आम्हाला नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं! तिथे संसर्ग झालेला. चेहऱ्याच्या घड्यांतही थोडा. रक्ततपासणीत किडनी, लिव्हर, थायरॉइड ठीक. हृदयाची सोनोग्राफीही ठीक. हुश्श!

यादीवर नजर टाकली आणि मला घशाशी आलं. सांध्यांना औषध होतं. डोळ्यांना थेंब होते. संसर्गाला मलम होतं. वजनाला तर फक्त आमची जीभ आवरायची होती, त्याची नव्हे. चार महिने जे आम्ही ‘म्हातारपण’ म्हणून स्वीकारलं, त्यातलं बरंचसं बरं होण्यासारखं किंवा निदान सुसह्य होण्यासारखं होतं.

शेठचं डाएट, घरादाराचा उपास

वजनाचं कोडं सोडवायला आईने एक युक्ती केली. फ्रिजवर कागद लावला. शेठला जो जे काही देईल त्याने ते लिहायचं. तीन दिवसांत भांडं फुटलं! आई दोन वेळा मोजून जेवण देत होती. बाबा चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं. मी रात्री पोळीचा तुकडा, तोही तूप लावलेला. कामाच्या मावशी सकाळी टोस्ट. आणि वॉचमनकाकांकडे खारी! प्रत्येकाला वाटत होतं, आपण ‘जरासंच’ देतोय.

मग घरात किचन वजनकाटा आला. खाणं ग्रॅममध्ये. खाऊ म्हणून उकडलेली फरसबी, काकडी, दुधीचे तुकडे. शिरा पूर्ण बंद, कारण त्यात बेदाणे असतात आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक ठरू शकतात. कांदा-लसूणही नाही. गळ्यातला पट्टा गेला, छातीवरून जाणारा हार्नेस आला. फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री साडेनऊनंतर, दहा-दहा मिनिटं. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून आईने चक्क आपली जुनी सतरंजी अंथरली. घर आता एखाद्या लग्नाच्या हॉलसारखं दिसतं, पण शेठ घसरत नाही.

ऑगस्टअखेर वजन २६ किलोंवर आलं. तिसऱ्या बाकाच्या पुढे तो पुन्हा चालायला लागला.

ऑपरेशन करायचं का?

खरा प्रश्न मात्र शिल्लक होता. नाकपुड्या मोठ्या करायच्या आणि लांब टाळू कापून आखूड करायची, असं ऑपरेशन असतं. लहान वयात केलं तर उत्तम. शेठ तेव्हा नवव्या वर्षात होता. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना भूल देणं जोखमीचं, आणि खरी जोखीम असते ती भूल उतरताना. नळी लवकर काढली तर घसा बंद पडू शकतो.

रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. “करून टाका ना. पैसे मी पाठवतो.” बाबा म्हणाले, “पैशाचा प्रश्न नाहीये. टेबलावरच गेला तर?” दादा म्हणाला, “मग काय त्याला असंच गुदमरू द्यायचं?” आवाज चढले. मी दादाला नको ते बोलले. “तुला काय, तुला स्क्रीनवर तो बराच दिसतो. रात्री दोन वाजता बादल्या आम्ही ओतल्या!” तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मीच आणला ना त्याला. मला काहीच माहीत नव्हतं गं. फक्त भारी दिसतो म्हणून आणला.”

त्याच्या त्या वाक्यानंतर कुणीच काही बोललं नाही. शेवटी आई म्हणाली, “त्याला विचारता येत नाही, म्हणून आपल्याला जे सोपं वाटेल ते त्याचं मत समजू नका. डॉक्टरांना विचारूया, पुढचा मे हा काढेल का?”

आम्ही विचारलं. डॉक्टरबाईंनी खात्री दिली नाही, कुणीच प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. पण वजन उतरलंय, हृदय चांगलं आहे, थंडीत करू, असं त्या म्हणाल्या. डिसेंबरात ऑपरेशन झालं. शेठ डोकं उचलून आजूबाजूला रागाने बघायला लागेपर्यंत त्यांनी नळी काढली नाही. ती रात्र तो दवाखान्यातच होता आणि आम्ही चौघं (एक टोरांटोत) जागे होतो.

एकूण खर्च? शेठला विकत घेतलं होतं त्यापेक्षा जास्त. आपल्याकडे आता पाळीव कुत्र्यांचा विमा मिळतो, पण त्याला वयाची अट असते. त्यामुळे तो काढायचा तर लहानपणीच. मुंबईत पर्यायही वाढलेत. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतंय, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं स्मॉल अ‍ॅनिमल हॉस्पिटल सुरू झालं.

मग बुलडॉग घ्यायचाच नाही का?

हा प्रश्न मला हल्ली ऑफिसमधले सगळे विचारतात. नॉर्वेत तर तो कोर्टात गेला. जानेवारी २०२२ मध्ये ओस्लोच्या कोर्टाने इंग्लिश बुलडॉगच्या ब्रीडिंगविरुद्ध निकाल दिला. नोव्हेंबरमध्ये अपिलात तो बुलडॉगपुरता फिरवला गेला. म्हणजे जगातही यावर एकमत नाही.

माझं उत्तर सरळ आहे. चेहरा बघून पिल्लू घेऊ नका. शेठ आमचा जीव आहे, पण त्याच्या चेहऱ्याची किंमत तो स्वतः दर श्वासाला मोजतो, हे कळल्यावर मी तरी पुन्हा तो चेहरा विकत घेणार नाही. पुढचा कुत्रा आपल्याच गल्लीतला, लांब नाकाचा, मोकळा श्वास घेणारा देशी असेल.

पण ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांचं काय? लॉकडाऊनमध्ये घरबसल्या कितीतरी जणांनी बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग घेतले. ती पिल्लं आता मध्यम वयाला लागलीत. त्यांच्या मालकांनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. तुमच्याकडे अजून वेळ आहे. आम्ही जो जानेवारी ते मे वाया घालवला, तो तुम्ही घालवू नका.

कालनिर्णयवरच्या खुणा

ऑपरेशनने शेठ तरुण झाला नाही. तो अजूनही घोरतो, पण करवत थांबली. यंदाचा मे त्याने एसीत, ओल्या फरशीवर पोट टेकवून काढला. डोळ्यांत दिवसातून दोनदा थेंब, सांध्यांचं औषध रोज. त्याच्याकडे किती दिवस आहेत ते आम्हाला माहीत नाही. एक वर्ष असेल, दोन असतील.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सुचवली होती. रोज रात्री ठरवायचं, आजचा दिवस त्याला चांगला गेला की वाईट? जेवला का, मजेत फिरला का, शांत झोपला का? वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागले, की निर्णयाची वेळ जवळ आली असं समजायचं. म्हणजे तो निर्णय रडतारडता एका रात्रीत घ्यावा लागत नाही.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई पूर्वी दुधाचा हिशेब लिहायची. आता त्याच चौकोनांत शेठचा हिशेब असतो. चांगल्या दिवसाला बरोबरची खूण, वाईटाला फुली. गेल्या महिन्यात चार फुल्या होत्या. बाकी सगळे बरोबर.

आणि रात्री सव्वाआठला काय होतं? किल्ली फिरते. आतून ‘घुर्रर्र’ येतं. टकटक मात्र येत नाही. शेठ आता उठून धावत दारापर्यंत येऊ शकत नाही.

म्हणून बाबांनी त्याचं अंथरूणच दाराशी आणून ठेवलंय. दार पूर्ण उघडत नाही, मला अंग चोरून आत यावं लागतं. पण पहिलं पाऊल टाकलं, की पायाला त्याचं नाक लागतं.

चौकट : बुलडॉग सहा-सात वर्षांचा झाला की...

* वर्षातून दोनदा तपासणी करा. रक्त, लघवी, दात, डोळे, हृदय, सांधे आणि वजन, सगळं बघून घ्या.

* तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. साधारण ३० च्या आत हवेत. आकडा सतत वाढत असेल तर डॉक्टरांना कळवा.

* चेहऱ्याच्या घड्या आणि शेपटीखालचा खिसा ओल्या मऊ कापडाने पुसा आणि नंतर पूर्ण कोरडा करा. ओल राहिली की संसर्ग आलाच.

* अंगावर नवी गाठ दिसली तर ‘चरबीची असेल’ म्हणून सोडू नका. सुईने नमुना घेऊन तपासता येते.

* अचानक चिडचिड, जिना टाळणं, रात्री उगाच फेऱ्या मारणं, घरातच लघवी होणं हे ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडायचे विषय नाहीत.

* उन्हात फिरवू नका, बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नका. स्विमिंग पूलपासून लांब ठेवा, जड डोक्यामुळे बहुतेक बुलडॉगना पोहता येत नाही.

* जीभ निळी-जांभळी पडली, तो कोसळला किंवा श्वासाचा आवाज अचानक वाढला, तर थांबू नका. अंग तापलं असेल तर आधी पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. रात्री उघडा असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच सेव्ह करा. रात्री दोन वाजता तो शोधायचा नसतो!